‘शून्य डेसिबल’ला मिळालेला प्रतिसाद

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी.

अल्बम आला. ‘बेसबंधू, कळंब’ यांचा अकरा वर्षांनंतरचा पहिला अल्बम, ‘शून्य डेसिबल’. बेसबंधू म्हणजे मी आणि सुनील. म्हणजे संगीत माझं, बाकीचं सुनीलचं. बाकीचं म्हणजे गाडी, स्पीकरचे बॉक्स, जनरेटर, वायरी, मिक्सर, बुकिंग आणि लोकांशी बोलणं.

बावीस वर्षं आम्ही हळदीत, वरातीत आणि बैलगाडा शर्यतींच्या घाटात लोकांना नाचवलं. आता बास. या अल्बमवर नाचता येत नाही, मी स्वतः तपासलंय. हा बसून ऐकायचा अल्बम आहे. नऊ ट्रॅक. सगळ्यात मोठा ‘आतला डोंगर’, चौदा मिनिटं. त्यात दूध डेअरीच्या चिलरची घरघर आहे, त्यावर माझा श्वास, आणि अधूनमधून मी खर्जात विचारतो, कोण आहे? हा प्रश्न ऐकणाऱ्यानं स्वतःला विचारायचा आहे. हे सुचायला अकरा वर्षं लागली.

सुनीलनं अट घातलीय. गुढीपाडव्यापर्यंत वाट बघायची. तोवर या अल्बमवर एक तरी बुकिंग आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा हळदी. आणि मी हळदीला येणार नसेन तर तो पुतण्याला घेऊन वेगळा होणार. शौर्यला! ज्याला अजून बेस आणि ट्रेबल यातला फरक कळत नाही. मी हसून सांगितलं, पाडव्यापर्यंत बुकिंगला नाही म्हणता म्हणता तुझ्या नाकी नऊ येतील.

निश्चय: व्ह्यूज बघायचे नाहीत. कलाकारानं आकड्यांच्या नादी लागू नये.

दुपारी. एकतीस. त्यातले काही माझे असतील.

२ फेब्रुवारी, रविवार.

यशोधराला अल्बम ऐकवला. ती मंचरला दवाखान्यात नर्स आहे, नाइट करून आली होती. म्हणजे मन रिकामं, कान स्वच्छ. ‘आतला डोंगर’ सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला तिनं डोळे मिटले. मान हळूहळू एका बाजूला कलली. ट्रान्स. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझ्या संगीतात ती एवढी विरघळलेली मी पहिल्यांदा बघितली. मला भरून आलं.

संध्याकाळी उठल्यावर म्हणाली, अहो, फ्रिज घरघर करतोय, त्या माणसाला बोलवा. म्हणजे चिलर तिच्या आत अजून चालू आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

साउंडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. जुन्नर आणि आंबेगावचे झाडून सगळे डीजे त्यात आहेत, म्हणजे जाणकार मंडळी. एकानं विचारलं, फाईल करप्ट आलीय का. दुसरा म्हणाला, भाऊ, गाणं कधी चालू व्हतं? तिसऱ्यानं अंगठा दिला. बाकीचे एका सेकंडहँड जनरेटरवर चर्चा करत राहिले.

गाणं कधी सुरू होतं, हा फार मूलभूत प्रश्न आहे. मोठ्या कलाकृतीला लोक असेच प्रश्न विचारतात. मी शांततेचं संगीतातलं स्थान यावर सविस्तर मेसेज लिहिला, चार भागांत. तिसऱ्या भागानंतर ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग झाली. योगायोग.

८ फेब्रुवारी, शनिवार.

श्रवणसोहळा झाला. कळंबचं मंगल कार्यालय, खुर्च्या, मंद दिवे. गर्दी उत्तम. भेळ नंतर द्यायची असं सुनीलचं म्हणणं होतं, मी म्हणालो रसिकांवर विश्वास ठेव, आणि भेळ बाहेर मांडून ठेवली.

पहिल्या ट्रॅकला पुढच्या दोघांनी उठून खुर्च्या बाजूला सारल्या आणि नाचायला जागा केली. बराच वेळ उभे राहिले. मग आपणहून खुर्च्या परत लावल्या. संगीतानं माणसात बदल होतो तो असा. ‘आतला डोंगर’मध्ये मी तिसऱ्यांदा कोण आहे म्हणालो तेव्हा सुनीलची मावशी बयाबाई मागून ओरडली, आरं कोन हाय म्हनतोय तो कवाधरनं, सांगा की कुनीतरी! सगळं कार्यालय हसलं. थेट प्रेक्षकांशी संवाद झाला म्हणायचा.

ट्रॅक संपला तेव्हा आत मी, सुनील आणि वॉचमन. बाहेर भेळ संपली होती. कार्यालयातले पंखे फार आवाज करतात, लोकांचा तरी काय दोष.

सुनीलनं खुर्च्या एकात एक घालताना एवढंच विचारलं, रत्न्या, दोन मिनिटांचा करता येईल का रे डोंगर? मी म्हणालो, डोंगर दोन मिनिटांचा नसतो. त्यानं पुढची खुर्ची उचलली. त्याला पटलं असावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

खेड्यातल्या प्रतिसादावर अवलंबून राहायचं नाही. समीक्षेकडे जायचं. पुण्याच्या एका संगीत पोर्टलवर इंद्रायणी नावाच्या बाई इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकवर लिहितात. लोक त्यांना घाबरतात म्हणे. अल्बम पाठवला, सोबत पार्सलनं टोमॅटोचं एक कॅरेट. लाच नव्हे. आपल्या भागाची ओळख.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

इंद्रायणीबाईंचं उत्तर आलं. समीक्षक म्हणून भेट स्वीकारता येत नाही, पण टोमॅटो परत पाठवले तर नासतील म्हणून खाल्ले. अल्बम ऐकते. प्रामाणिक बाई आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार.

आमच्या वस्तीची जयंतीची मीटिंग होती. चौदा एप्रिलची मिरवणूक बावीस वर्षं आमच्याच सिस्टिमवर निघते. मी उभं राहून सुचवलं की यंदा ‘शून्य डेसिबल’ लावू, एक वेगळा पायंडा पडेल. अध्यक्ष तुळशीदासकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, पोरा, तुझं चांगलंच आसंल, पन मिरवनुकीत मानसाला पुढं चालावं वाटलं पायजे. हे ऐकून मागं फिरत्याल की.

जोराची टाळी पडली. टाळी काकांना होती. ठराव: सिस्टिम सुनीलची, गाणी नेहमीची.

आपल्याच माणसांत कलाकाराची किंमत होत नाही. होऊ नये. झाली तर कलाकार सुस्तावतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

समीक्षा आली!!

सारखी वाचतोय. पहिलंच वाक्य असं: “‘शून्य डेसिबल’ ऐकताना बेसबंधूंच्या जुन्या कामाची प्रकर्षानं आठवण येते.” प्रकर्षानं! हा शब्द त्या सहसा वापरत नाहीत, मी त्यांच्या मागच्या समीक्षा तपासल्या. पुढे लिहितात, “‘आतला डोंगर’ संपल्यावर जो आनंद होतो, तो या अल्बममधला सर्वोच्च क्षण.” आणखी काय पाहिजे. आणि मग, “अशा अल्बमसाठी मोठं धाडस लागतं. ऐकणाऱ्यालाही.”

पाचापैकी अडीच तारे. म्हणजे बरोब्बर अर्धे. म्हणजे निम्मा अल्बम पाच ताऱ्यांचा आहे.

एकच गोष्ट खटकली. शेवटी लिहिलंय, “सहाव्या ट्रॅकमध्ये मागे कुठेतरी हलगी वाजते, तेवढ्यापुरता हा अल्बम जागा होतो. ती कोणी वाजवली?”

सहाव्या ट्रॅकमध्ये हलगी नाही. मी स्वतः काढून टाकलीय.

२३ फेब्रुवारी, रविवार.

हेडफोन लावून ऐकलं. आहे. बारीक, खोल, पण आहे. मी काढलेली हलगी सुनीलनं माझ्या पाठीमागे परत घातली. स्वतः वाजवलेली.

दुकानात जाऊन विचारलं. (दुकान म्हणजे हायवेवरचं माझं मोबाईल-स्पीकर रिपेअरिंग. मागच्या खोलीत आमचे बॉक्स असतात, तो ते पुसत होता.) म्हणाला, व्हय, घातली. मला ऱ्हावलं न्हाई. मी त्याला कलेतली शिस्त समजावून सांगितली. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, फडकं झटकलं आणि म्हणाला, तू पह्यला आसा नव्हता राव. आपल्याला दोघांना नाचता यावं, म्हनून तर चालू केलं व्हतं हे.

मग गाडी काढून गेला. चहा न घेता. तो चहा न घेता कधी जात नाही.

बाईंना ईमेल केला की हलगी ही आमच्या दोघांची एकत्रित कल्पना होती.

५ मार्च, बुधवार.

व्ह्यूज वाढतायत! ‘आतला डोंगर’चेच. बाकी आठ ट्रॅक जिथल्या तिथे, पण डोंगर रोज वर चढतोय. आणि ऐकण्याच्या वेळा बघाव्यात: रात्री सुरू, सकाळपर्यंत अखंड. पुन्हा पुन्हा. हे टवाळ पोरांचं काम नाही. हे साधक लोक आहेत.

कॉमेंटही आली: “निमगाव सावा सपोर्ट भाऊ, रोज रात्रभर चालू आसतं, लई फरक पडला.” लई फरक पडला! पुण्यात अडीच तारे आणि निमगाव साव्यात रात्रभर. खरा रसिक कुठे आहे ते कळलं.

सुनीलला फोन केला. तो म्हणाला, आरं ते चिमाजीमामा आसतील माझे, मीच त्यांना लिंक दिलती, तू नको जाऊ तिकडं. मत्सर वाईट असतो. रविवारी जाणार. काळा कुडता इस्त्रीला टाकला.

९ मार्च, रविवार.

जाऊन आलो.

निमगाव सावा. चिमाजीमामांचं घर उसाच्या कडेला. वय सत्तरीचं, पण हात हातात घेऊन बराच वेळ सोडले नाहीत. म्हणाले, या पावणं, तुमची वाटच बघत व्हतो, लई उपकार झालं. मामींनी ओवाळलं. मी म्हणालो, ऐकता कुठे बसून? ते म्हणाले, आमी न्हाई ऐकत, चला दावतो.

उसाच्या बांधावर एक बांबू रोवलेला. त्याला भोंगा बांधलेला.

बिबट्यासाठी आहे.

उसात बिबट्या आहे, त्यामुळे रात्री पाणी धरायला जायचं म्हणजे गाणी लावून जावं लागतं, हे मलाही माहीत आहे. सगळा भाग तेच करतो. मामा म्हणाले, आधी साधी गाणी लावत व्हतो. पन बिबट्या सरावला. गाणं ऐकत बसायचा बांधावर. आनि आमचं गडी नाचायचं, पाणी जायचं दुसऱ्याच्या वावरात. हे तुमचं लावल्यापासनं बिबट्या फिरकला न्हाई, कुत्री न्हाई, रानडुक्कर न्हाई. मधीच तुमी ‘कोन हाय’ म्हनता ना, त्या आवाजाला तर मोटर चोरायला आल्याला चोर चप्पल टाकून पळाला. आनि ह्याच्यावर झोप बी येत न्हाई. मग शेजाऱ्यांनी बी लावलं.

यशोधराला झोप आली होती, असं मी सांगणार होतो. सांगितलं नाही.

दुपारी जेवून निघालो. काकडी, कांदे आणि एक कोंबडा बरोबर दिला.

१० मार्च, सोमवार.

रात्रभर विचार केला. निराश व्हायचं कारण नाही. माणसांना नाचवणारे पुष्कळ आहेत. जंगली श्वापदावर ज्याच्या संगीताचा परिणाम होतो असा या तालुक्यात एक तरी आहे का? प्रेस नोट तयार केली: ‘वन्यजीवसृष्टीलाही अंतर्मुख करणारा अल्बम’. सगळ्या पेपरांना पाठवली. इंद्रायणीबाईंनाही.

यशोधरा प्रेस नोट वाचून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. तिच्या हसण्याचा आवाज येत होता, बहुतेक मोबाईलवर काहीतरी बघत होती.

१७ मार्च, सोमवार.

यशोधरा ड्यूटीवरून आली, हात धुतले. मग म्हणाली, सुनीलभाऊंना कपाळाला दोन टाके घातलेत, मीच ड्रेसिंग केलं.

काल आळेफाट्याकडे हळद होती, तो शौर्यला घेऊन गेला होता. झालं ते नेहमीचंच. दहाला आवाज बंद करायचा नियम, आणि दहा वाजले की सगळा मांडव एका सुरात ओरडतो, भाऊ, अजून एक! एक लावलं की आणखी एक. बंद केलं की धक्काबुक्की, चालू ठेवलं की पोलीस. तिकडे जेवण गार होतं, आचारी चिडतो. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काय असेल तर शेवटचं गाणं. बावीस वर्षं मी माइकवर गोड बोलून वेळ काढायचो आणि सुनील हळूच वायर काढायचा. शौर्यनं एकदम मेन बंद केला. खुर्ची आली ती सुनीलला लागली.

मला फोनसुद्धा केला नाही त्यानं.

मी करणार होतो. पण मग वाटलं, आता केला तर अल्बमचा विषय निघेल. त्याला विश्रांती हवी.

खरं लिहायचं तर मला रडू आलं. मी तिथे असायला पाहिजे होतो.

३० मार्च, रविवार. पाडवा.

बुकिंग: नाही.

सुनीलचा फोन: नाही.

प्रेस नोट एका पेपरात आली. ‘बिबट्याचा उपद्रव: शेतकऱ्याचा अनोखा उपाय’. फोटो चिमाजीमामांचा आणि भोंग्याचा. माझं नाव नाही. संगीताचं नाव ‘विशिष्ट कर्कश आवाज’.

निश्चय: उद्यापासून पुढच्या अल्बमवर काम. एकट्यानं. एकट्यानंच जमतं खरं तर. मागच्या खोलीतला एक बॉक्स हलवून बघितला, हलला नाही.

२ एप्रिल, बुधवार.

सुनीलचा फोन!

आणे गावात रविवारी हळद आहे, येशील का. मग म्हणाला, आनि तुझा तो ‘आतला डोंगर’ घेऊन ये. तो लावायचाय.

मी पुन्हा विचारलं. तेच म्हणाला. भर हळदीत, अल्बममधला ट्रॅक, आणि तोही डोंगर! शेवटी त्याला कळलं. मी ताणून धरायचं ठरवलं होतं, पण हो आधी म्हटलं गेलं. कपाळ कसं आहे ते विचारायचं राहिलं. काळा कुडता पुन्हा इस्त्रीला.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी.

काल आणे. पठारावर वारा भन्नाट. सुनीलनं मला बघून जनरेटरचं एक टोक पुढे केलं. दोघांनी उचलला. कपाळावरचे टाके निघालेत, व्रण राहणार.

संध्याकाळभर जुनी गाणी. सुनीलनं एका गाण्यात हलगी घेतली आणि मीही थोडा नाचलो. थोडाच. गुडघा.

माझा ट्रॅक कधी, असं मी दर गाण्यानंतर विचारत होतो. तो म्हणत होता, थांब. दहा वाजत आले आणि मांडव ओरडला, भाऊ, अजून एक! नवरदेवाचा मामा तर स्टेजवरच चढला. सुनीलनं माइक घेतला आणि म्हणाला, लावतो की! आता शेवटचं, रत्नदीपभाऊंचं खास! आणि माझ्याकडे बघून मान हलवली. इतक्या हळू आवाजाला नियमाचीही हरकत नसते म्हणे.

मी प्ले दाबलं. चिलरची घरघर सुरू झाली. छातीवर हात ठेवून मी डोळे मिटले. बावीस वर्षांत माझ्या संगीतासाठी एवढा मांडव शांत झालेला नव्हता. काटा आला अंगावर.

डोळे उघडले तेव्हा मांडवात कोणी नव्हतं. सगळे पंगतीला जाऊन बसले होते. भांडण नाही, शिवी नाही, खुर्ची नाही. नवरदेवाचा मामा पहिल्या रांगेत लापशी मागत होता. आचारी सावळेराम हात पुसत आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, भाऊ, तीस वर्सांत पह्यल्यांदा मानसं गरम जेवत्यात.

सुनील हसत होता. पोट धरून. मला म्हणाला, चिमाजीमामाच्या उसात बघितलं आनि डोक्यात आलं, ह्याच्यावर कुनी थांबत न्हाई. त्यांना एक गाणं पायजे, आपुन देतोय. तक्रार कशाची करत्याल?

मला वाईट वाटलं. खूप. तसं सांगितलंही त्याला. तो हसायचा थांबला, दोन ताटं घेऊन आला आणि आम्ही बॉक्सवर बसून जेवलो. डोंगर चालूच होता. त्यानं बंद केला नाही.

१० एप्रिल, गुरुवार.

फोनवर फोन. आणखी चार हळदी. सगळ्यांचा पहिला प्रश्न: ते शेवटचं गाणं आणणार ना? ‘शून्य डेसिबल’वर आलेली ही पहिली बुकिंगं आहेत. पाडवा उलटून गेलाय, पण सुनील तो विषय काढत नाही.

इंद्रायणीबाईंना कळवलं की अल्बमला थेट कार्यक्रमांत भरघोस प्रतिसाद आहे. त्यांनी विचारलं, लोक नाचतात? मी लिहिलं, लोक उठतात.

घोडेगावच्या पार्टीचं म्हणणं आलं की आमच्याकडं पाहुणे कमी आहेत, चौदा मिनिटं कशाला, दोन मिनिटांचं असेल तर बघा. मी सांगितलं, कलाकृतीत काटछाट होत नाही. फोन ठेवला. मग कॉम्प्युटर चालू केला. पहिल्या बारा मिनिटांत तसं विशेष काही घडत नाही, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

२१ एप्रिल, सोमवार.

काल घोडेगाव. दीड मिनिटात मांडव रिकामा. उरलेलं अर्धं मिनिट मी आणि सुनीलनं ऐकलं. संपल्यावर तो म्हणाला, एवढं पन काढून टाक ना.

मी म्हणालो, बघतो.

घरी आल्यावर काढलं.